सव्वा हत्तीचा आहेर

एका राज्यात दुपार नव्हती. सकाळ होई, कोंबडा आरवे, सडा पडे, पूजा होई, न्याहारी होई. माणसे ताटावरून उठून हात धुतात न धुतात तोच सूर्य आकाशातून घसरत घसरत पश्चिमेला जाऊन टेके आणि संध्याकाळ होई. मधले काही नाही.

सात वर्षे हे असे चालले होते. मिरच्या वाळत नव्हत्या. कुंभाराची मडकी ओलीच भट्टीत जात आणि तडकत. धोब्याने दोऱ्या बांधणे सोडून दिले होते आणि सारी प्रजा दमट कपड्यांत शिंकत फिरे. कुणी विचारलेच, तर प्रधानजी म्हणत, "यंदा हवा जरा वेगळी आहे." सात वर्षे यंदाच चालू होते.

हे कसे झाले ते सांगतो. सांगताना माझेच डोके उठते, पण सांगतो.

त्या राज्याचा राजा मणिकेतू. माणूस वाईट नव्हता. सात डोक्यांचा राक्षस त्याने एकट्याने मारला होता. वाघाला तो भीत नसे, विजेला भीत नसे. भीत असे तो एकाच गोष्टीला : सासरची माणसे काय म्हणतील. पलीकडच्या राज्याचा राजा शार्दूल हा राणी सुमेधेचा थोरला भाऊ. बहिणीच्या पाठवणीला त्याने एक हत्ती दिला होता. हत्तीचे नाव गंभीर. दुखण्याची सुरुवात तिथे झाली.

कारण त्या दोन्ही राज्यांत रीत अशी होती, की आलेला आहेर परत करायचा तो सव्वापट करायचा. साडी आली तर साडी आणि वर खण. पायलीभर तांदूळ आले तर सव्वा पायली. इथवर ठीक होते. पण सव्वा हत्ती कसा द्यायचा? प्रधानजींनी तीन दिवस विचार केला आणि सांगितले, "महाराज, हत्तीला पाय चार. तेव्हा एक पाय म्हणजे पाव हत्ती." लगेच चांदीचा एक पाय घडवला गेला आणि शार्दूलाच्या मुलाच्या बारशाला गंभीर हत्ती पाठीवर चांदीचा पाय बांधून माहेरी गेला.

शार्दूल काय कमी होता? त्याने सव्वा हत्तीची सव्वापट काढायला बसवले. कारकुनांना घेरी आली. शेवटी दोन चांदीचे पाय आणि सोंडेचा थोडा तुकडा असे ठरले, आणि दिवाळीला गंभीर परत आला. मग हा गेला, मग तो आला. चांदी दर खेपेस नवी, हत्ती मात्र तोच. त्याला वाट इतकी पाठ झाली होती, की माहूत पाणी प्यायला थांबला तर तो पुढे निघून जाई. हत्ती तोच आहे हे दोन्ही राज्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. कोणी बोलत नव्हते. बोलायचे कसे? मान होता ना तो!

तिसऱ्या फेरीला खजिना संपला आणि चौथ्या फेरीच्या आधी उदारनाथ आला.

उदारनाथ मांत्रिक होता. पांढरे स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, बोलणे लोण्यासारखे मऊ. त्याने राजापुढे तळहाताएवढा तांब्याचा पट ठेवला.

"महाराज, हा दाखवावा आणि हवं ते घ्यावं. नाणं मोजायला नको."

"आणि व्यापाऱ्याला?"

"त्याच्या पेटीत सोनं आपोआप पडेल."

"मग तुला काय मिळेल?"

"किरकोळ. पटाच्या पाठीवर लिहिलं आहे."

पटाच्या पाठीवर मोहरीएवढी अक्षरे होती. पडद्यामागून राणी म्हणाली, "महाराज, ते आधी वाचावं." राजा हसून म्हणाला, "अगं, सगळेच राजे घेतात. वाचत कोण बसतं?"

त्याने पट कमरेला लावला. त्याच दिवशी न्याहारीनंतर संध्याकाळ झाली.

एखादा शहाणा दचकला असता. राजा म्हणाला, "अंधार लवकर पडतो आहे. शंभर नवी झुंबरं मागवा." झुंबरे आली. चांदी आली. मग वाटले, चांदीजवळ पितळ शोभत नाही. पितळ गेले. मग रथ जुना दिसू लागला. मोरपिसांच्या चाळीस छत्र्या आल्या, ऊन लागू नये म्हणून. अहो, ऊनच नव्हते! पण छत्र्या आल्या.

राणीची एक साळुंकी होती, माहेराहून आलेली. तिला एकच वाक्य बोलता येई. राजाचा हात कमरेकडे गेला की ती पिंजऱ्यातून विचारी, "लागतंय का?" राजाने सात वर्षांत तिचा पिंजरा अकरा वेळा हलवला. शेवटी तर पिंजराच नवा आणला, सोन्याचा. तोही पटावरच घेतलेला.

राणी आधी गोडीने बोलली. मग रागाने बोलली. मग भांडे आपटून बोलली. राजाची उत्तरे ठरलेली. "आत्ता घेऊ, पुढचं पुढे बघू." "राजानं राजासारखं दिसावं." आणि सगळ्यात शेवटी, "तुझ्याच भावासमोर मान खाली घालू का?" या उत्तरावर राणी कपाळाला हात लावून बसे. भाऊही तिचा आणि नवराही तिचा, आणि दोघांना एका दोरीने त्या हत्तीच्या शेपटीला बांधावे असे तिला वाटे.

पट आला त्याच वर्षी राजाला मुलगी झाली. नाव शेवंती. आता ती सात वर्षांची होती आणि तिने दुपार पाहिलीच नव्हती.

"आई, दुपार कशी असते?" ती विचारी.

"पिवळी असते. गप्प असते. अंगणात वाळवणं असतात, आणि घरात सगळे आडवे झालेले असतात."

"मग मजा काय त्यात?"

राणीला सांगता येत नसे, आणि सांगता येत नाही म्हणून रडू येई.

एका सकाळी राणी शेवंतीची वेणी घालत होती. तीन पेड हातात होते, वेणी अर्धी झाली होती, आणि सूर्य घसरला. न्याहारी व्हायची होती. चुलीवर दूध ठेवलेले होते. राणीचे हात तसेच थांबले. दुपारी संपल्या, आता सकाळी जाऊ लागल्या, हे तिला कळले. त्यानंतर काय जाईल, हे मात्र कळेना. राजा झोपला असता तिने त्याच्या कमरेचा पट काढून उलटा केला. पण संधिप्रकाशात ती मोहरीएवढी अक्षरे मुंग्यांसारखी पळत, एक ठरेना. तेव्हा तिने साळुंकी खांद्यावर घेतली, पट पदराला बांधला आणि ती उदारनाथाच्या टेकडीवर गेली.

उदारनाथाच्या परसात लख्ख ऊन होते. सात वर्षांच्या दुपारी एकावर एक पडल्या होत्या आणि त्यांत त्याने पापड वाळत घातले होते. ओला पापड टाकावा आणि उचलावा, इतक्यात तो कडकडीत होई. ओसरीवर बरण्या रांगेने मांडलेल्या, तोंडाला फडके बांधलेले. एका बरणीचे फडके सैल होते. त्यातून वाळ्याचा आणि कैरीच्या फोडींचा वास आला आणि राणीने ओळखले, की ही आपल्याच अंगणातली दुपार आहे.

"आमच्या दुपारी परत दे," ती म्हणाली.

"राणीसाहेब, त्या राजेसाहेबांनी राजीखुशीनं दिल्या आहेत."

"मग सुटका सांग."

मांत्रिकांचा नियम असा, की कोणी तोंडावर येऊन सुटका मागितली तर तीन कामे सांगावीच लागतात. उदारनाथाने नाइलाजाने सांगितले.

"पहिलं. पटावर घेतलेली अशी एक वस्तू आणा, जिच्यावाचून तुमचं खरोखर अडलं असतं. दुसरं. पटाची पाठ अक्षर न् अक्षर वाचा. तिसरं काम त्याच अक्षरांत आहे. ते आजवर एकाही राजाच्या हातून झालेलं नाही."

राणी परत आली आणि तिने कोठ्या उघडल्या. एक कोठी उघडली, झुंबरे. दुसरी उघडली, छत्र्या. तिसरीत अत्तरदाण्या, अत्तर न घातलेल्या. चौथीत बसायला चौरंग, आणि ते चौरंग ठेवायला आणखी चौरंग. ती एकेक वस्तू उचलून साळुंकीपुढे धरी. साळुंकी विचारी, "लागतंय का?" आणि राणी ती खाली ठेवी. तीन दिवस हे चालले. सात वर्षांच्या दुपारी देऊन घेतलेल्या त्या ढिगात अडल्या वेळची म्हणून एक वस्तू निघेना. तिसऱ्या दिवशी राणी त्या चौरंगांवर बसून मोठ्याने ओरडली.

ओरडणे ऐकून मुदपाकखान्यातून बायजा आली. ही राजवाड्यातली जुनी स्वयंपाकीण, कोणाला न भिणारी.

"काय शोधताय एवढं, बाईसाहेब?"

राणीने सांगितले. बायजेने हातातली सांडशी पुढे केली.

"ही घ्या. जुनी मोडली तवा म्हाराजांच्या मागं महिनाभर लागले, तवा कुठं मागिवली. माझी बोटं पोळून निघाली व्हती. येवढी येक वस्तू कामाची आली बघा या घरात, ती बी मी भांडले म्हणून."

राणी सांडशी घेऊन टेकडीवर गेली. उदारनाथ नाक मुरडणार, इतक्यात त्याच्या चुलीवरची खीर उतू जाऊ लागली. त्याने घाईने सांडशी घेतली, पातेले उतरवले आणि मग सांडशीकडे पाहत राहिला.

"अडलं असतं खरं," तो म्हणाला. पहिले काम झाले.

दुसऱ्या कामाला स्वच्छ दुपार हवी होती आणि ती राज्यात नव्हती. म्हणून राणी माहेरी गेली. माहेरी पोचली तो आणखीच तऱ्हा. तिथे माणसे जागी होत ती एकदम भर उन्हात. सकाळच नव्हती. कोंबडे माध्यान्ही आरवत, दुधे नासत, आणि अख्खा दरबार पारोसा बसलेला. राजा शार्दूल सिंहासनावर जांभया देत होता. त्याच्या कमरेलाही तांब्याचा पट होता, फक्त याने आधी सकाळी नेल्या होत्या.

"दादा," राणी म्हणाली, "तूसुद्धा?"

शार्दूल ओशाळला. "सुमे, तुझ्या सासरी कमी पाठवायचं का मी? तुला तिथं काय म्हणतील?"

"तिथं मला कोणी काही म्हणत नाही रे! ते म्हणतात तुम्ही काय म्हणाल!"

"मी कधी काय म्हटलं?"

राणीने अंगणात चटई टाकली, उन्हात पट उलटा ठेवला आणि वाचायला बसली. भर उन्हात अक्षरे गुमान उभी राहिली. तिने वाचले : *हा पट जो दाखवील, त्याच्या दुपारी माझ्या. दुपारी सरल्या की सकाळी माझ्या. सकाळी सरल्या की त्याच्या लेकराचा सारा उजेड माझा.* राणीने पट आणखी जवळ ओढला. तिने अगदी कडेची, सर्वांत बारीक ओळ वाचली : *सुटका एकच. ज्याच्यापुढे लाज वाटते, त्याच्यापुढे, भरल्या सभेत, घेणाऱ्याने आपल्या तोंडाने म्हणावे : मला परवडत नाही.*

राणीने घरी येऊन ते राजाला सांगितले. लेकराची ओळ ऐकून राजा पांढरा पडला. सुटकेची ओळ ऐकून लाल झाला.

"दुसरं काहीही सांग," तो म्हणाला. "राक्षस मारतो. समुद्र पोहतो. नागाच्या डोक्यावरचा मणी आणतो."

"राक्षस नकोय. तीन शब्द हवेत."

"शार्दूलरावांसमोर?"

"अहो, मुलीचा उजेड जाईल!"

"दुसरा काही मार्ग असेलच. प्रधानजींना विचारू."

"लागतंय का?" साळुंकी म्हणाली. राजाने तिच्याकडे असे पाहिले, की दुसरा पक्षी असता तर उडून गेला असता.

महिन्याने शार्दूलाच्या मुलाची मुंज होती. आहेर द्यायची पाळी मणिकेतूची. या खेपेस चार हत्तींहून जास्त चांदी लागणार होती. राणीने पट पदराच्या गाठीतून सोडला नाही. राजा रुसला, दोन दिवस जेवला नाही, मग जेवला. शेवटी राजा, राणी आणि शेवंती निघाले ते एक नारळ घेऊन.

शार्दूलाच्या दरबारात भर दुपार होती. सोन्याचांदीची ताटे मांडलेली, पाहुणे दाटीने बसलेले. पहिल्या रांगेत उदारनाथ होता. आहेराचा समारंभ तो कधी चुकवत नसे. नाव पुकारले गेले. मणिकेतू उठला. हातात नारळ. सगळ्यांच्या माना त्याच्या मागे वळल्या, हत्ती कुठे आहे ते पाहायला.

राजा म्हणाला, "या खेपेस... गंभीरच्या पायाला जरा दुखापत आहे."

तो हे बोलला, आणि त्या लख्ख उन्हात एकट्या शेवंतीच्या पायाशी संध्याकाळ झाली. तिची पावले दिसेनाशी झाली. राणीने तिचा हात घट्ट धरला.

राजा घाम पुसून म्हणाला, "म्हणजे, सोनार आजारी आहे. दिवाळीला दुप्पट पाठवू."

संध्याकाळ शेवंतीच्या कमरेपर्यंत चढली. परकराचा रंग गेला. उदारनाथाने मांडीवरच्या रिकाम्या बरणीचे फडके सोडले आणि बरणी सरळ धरली.

राजाने तोंड उघडले, मिटले. पुन्हा उघडले. "खरं सांगायचं तर, आम्ही ठरवलं की साधेपणा..."

अंधार गळ्याशी आला. फक्त तोंड उरले होते, आणि त्यावर अजून ऊन होते.

"बाबा," शेवंती म्हणाली, "इथे दुपार होती ना? मी अजून नीट पाहिली नाही."

राजाच्या हातातला नारळ पडला आणि गडगडत शार्दूलाच्या पायाशी गेला.

"मला परवडत नाही," मणिकेतू म्हणाला. आवाज इतका बारीक, की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "शार्दूलराव, मला परवडत नाही! हत्ती परवडत नाही, त्याचा चांदीचा पाय परवडत नाही, काही काही परवडत नाही. पहिल्या फेरीपासून परवडत नव्हतं."

राजा मान खाली घालून उभा राहिला. आता सगळे हसतील, याची वाट पाहत होता बिचारा.

शार्दूल सिंहासनावरून उतरला. त्याने नारळ उचलला, धोतराला पुसला.

"भाऊजी," तो म्हणाला, "हे आठ वर्षांपूर्वी बोलला असतात, तर मी तुमचे पाय धरले असते. मला तरी कुठं परवडतं?"

तो हे म्हणाला आणि उदारनाथाच्या हातातली बरणी तडकली. टेकडीवरच्या बरण्याही तडकल्या, तो आवाज सभेत ऐकू आला. शेवंतीच्या अंगावरची संध्याकाळ भिजल्या शालीसारखी गळून खाली पडली आणि फरशीत जिरली. उदारनाथ उठला, धोतर झटकले, सर्वांना नमस्कार केला आणि पुढच्या राज्याची चौकशी करत निघून गेला. त्याला राज्यांची वाण नसते.

गेलेल्या सात वर्षांच्या दुपारी मात्र परत आल्या नाहीत. काही त्याने पापडांवर खर्चून टाकल्या होत्या, आणि बरण्यांतल्या टेकडीवरच सांडून गेल्या. परत आल्या त्या पुढच्या. पण त्या रोज येऊ लागल्या, न्याहारी आणि संध्याकाळ यांच्या मध्ये, जिथे त्यांची जागा होती. शार्दूलाच्या राज्यात सकाळी आल्या आणि दरबार आंघोळ करून बसू लागला. चांदी मोडून कुंभारांची, धोब्यांची भरपाई झाली. दोन्ही राजांनी मिळून सव्वाची रीत मोडली. आता नारळ जातो, नारळ येतो. तांब्याचा पट बायजेने मागून घेतला. दुधाच्या पातेल्यावर तो बरोबर बसतो. गंभीर हत्तीला विचारले, कुठे राहतोस? तो दोन्ही राज्यांच्या मधल्या आंब्याखाली जाऊन बसला आणि उठला नाही.

घरी परतल्यावरची पहिली दुपार आली, तेव्हा राणीने शेवंतीला ओसरीवर चटई टाकून दिली. अंगणात मिरच्या वाळत होत्या. दोऱ्यांवर अख्ख्या राज्याचे कपडे होते.

"आई, दुपारी काय करायचं असतं?"

"काही नाही."

"आणि ही कशावर घेतली? पटावर?"

"कशावर नाही. ही आपलीच असते," राणी म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

इतक्यात दिंडीशी एक व्यापारी आला. त्याच्याकडे चंदनाचा झोपाळा होता, खास दुपारच्या झोपेसाठी, हस्तिदंती कड्यांचा. राजा दारात उभा राहून तो झोपाळा पाहत राहिला. बराच वेळ पाहत राहिला. त्याचा हात कमरेकडे गेला, तिथे काही नव्हते. साळुंकीने चोच उघडली.

"नको," राजा म्हणाला. व्यापाऱ्याला म्हणाला, की साळुंकीला, कोण जाणे.

साळुंकीने चोच मिटली. राजा आत आला आणि चटईच्या उरलेल्या कोपऱ्यावर, लेकीच्या पायाशी, जमेल तसा आडवा झाला. त्याचे पाय फरशीवर आले. फरशी गार होती. थोड्या वेळाने तो घोरू लागला, आणि सात वर्षांनी पहिल्यांदा राणी त्याच्यावर चिडली नाही.